घरी कशी बरी होशील?

माईआजीचा ब्लाऊज शिवताना शिंपी डाव्या बाजूचं माप वेगळं घ्यायचा. उजवा खांदा सरळ, डावा खाली उतरलेला, आणि त्या बाजूने छाती अशी आत गेलेली की पदर कितीही नीट घेतला तरी कळायचंच. लहानपणी मला वाटायचं म्हातारपणी माणसं अशीच होत असतील. आठवी-नववीत असताना आईने सांगितलं की तिच्या त्या बाजूच्या सात बरगड्या काढल्यात, टीबीसाठी, १९५४ साली, दोन वेगवेगळी ऑपरेशनं करून.

बरगड्या काढल्या की छातीची भिंत आत बसते, फुफ्फुस दाबलं जातं आणि टीबीने त्यात पडलेली पोकळी मिटते, अशी त्यामागची कल्पना. त्याच्याआधी वर्षभर तिच्या छातीत सुईने हवा भरायचे, दर आठ-पंधरा दिवसांनी, तेही फुफ्फुस मिटवून त्याला आराम द्यायलाच. त्याने काही झालं नाही म्हणून मग बरगड्या. १९५३ ते १९५५, जवळजवळ सव्वादोन वर्षं ती सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवून घ्यायच्या दवाखान्यात होती. तिचा मुलगा, आमचा अरुणमामा, तेव्हा तीन वर्षांचा, तो माझ्या पणजीकडे. सव्वादोन वर्षांत त्याला एकदाही तिच्याजवळ नेलं नाही, कुंपणाच्या बाहेरून दोनदा दाखवला म्हणे, तेवढंच.

ती बरी झाली, चांगली ८१ वर्षांची होऊन गेली. पण सॅनेटोरियमची शिस्त तिच्या अंगातून शेवटपर्यंत गेली नाही. दुपारी दोन ते चार ती पाठीवर सरळ पडून राहायची, त्या वेळात बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणी हाक मारली तरी उत्तर द्यायची नाही. संध्याकाळी थर्मामीटर लावायची आणि जो काय आकडा येईल तो कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. ताप नसायचाच. तरी लिहायची.

मला टीबी झाला २००७ साली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरात कळल्यावर भेटायला आलेल्यांपैकी सरळ माझ्या पलंगावर येऊन बसली ती एकटी माईआजी. बाकी सगळे दारातून. ती बसली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कुठे पाठवतायत?" मी म्हटलं, कुठेच नाही गं, घरीच राहायचंय, सहा महिने गोळ्या घ्यायच्या. तिने आईकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "घरी? घरी कशी बरी होशील?"

तिच्या आवाजात काळजी होती आणि मला वाटतं थोडा रागही होता, म्हणजे माझ्यावर नाही, पण आपण जे सगळं भोगलं ते न करता कुणी बरं होऊ शकतं ही गोष्टच तिला पटण्यातली नव्हती. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टर म्हणाले म्हणून घरी, एवढंच मला माहीत होतं. उत्तर मला मिळालं खूप वर्षांनी, एका जुन्या रिसर्च पेपरमध्ये, आणि तोपर्यंत माईआजी गेली होती. तर हे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. पेशंट होते, आणि पेशंट असण्याचा एक फायदा असा की ज्या वाटेने आपण बरे झालो ती वाट कुणी काढली हे शोधायची ओढ लागते, ती सुटत नाही.

आधी माझं थोडं सांगते. खोकला सुरू झाला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. एका दवाखान्यात खोकल्याची बाटली मिळाली, ती संपल्यावर दुसरी, मग पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे अजून एक बाटली. तीन महिने गेले त्यात. वजन सात किलो उतरलं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घामाने उशी ओली. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला सांगितली, एक तिथल्या तिथे, एक सकाळची उठल्याउठल्या, आणि तिसरी ती सकाळची द्यायला जाल तेव्हाची. लॅबमधल्या दादांनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या, काही सुट्या, काही एकमेकींना चिकटून. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जे जगाला सांगितलं की हा रोग या जंतूने होतो, तो हा जंतू, माझ्या छातीतून आलेला. रिपोर्टवर टू प्लस, म्हणजे जंतू बरेच.

मग लाल बॉक्स. तेव्हाच्या डॉट्स पद्धतीत नवीन पेशंटच्या नावाने औषधांचा पूर्ण कोर्स एका लाल बॉक्समध्ये बाजूला काढून ठेवायचे, त्याच्यावर पेशंटचं नाव लिहिलेलं, म्हणजे औषध मध्येच संपलं असं होऊच नये. आठवड्यातून तीनदा जायचं, सिस्टरसमोर सात गोळ्या गिळायच्या. पहिले दोन महिने २४ डोस, पुढे चार महिन्यांत ५४, एकूण ७८. पहिल्या डोसनंतर लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून रडले होते, कारण ते त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मळमळ तर अशी की दुपारपर्यंत डोकं वर काढवायचं नाही.

पंधराव्या की सोळाव्या डोसला मी गेले नाही. उलट्यांचा कंटाळा आला होता आणि खोकला थांबला होता, मग काय हरकत आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आरोग्य कर्मचारी सायकलवरून घरी आले, कोपऱ्यावर त्यांनी माझं नाव घेऊन पत्ता विचारला आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, बरं वाटतंय म्हणजे बरं झालं असं नसतं. उद्या या." आणि गेले.

आता त्या पेपरकडे येते. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आलेला, ९४ पानांचा, नेटवर फुकट वाचायला मिळतो. विषय काय तर दक्षिण भारतात टीबीच्या रुग्णांवर घरी केलेले उपचार आणि सॅनेटोरियममध्ये केलेले उपचार यांची तुलना. लेखक म्हणून माणसाचं नावच नाही, संस्थेचं आहे, ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर, मद्रास. पहिल्यांदा ते शीर्षक वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. माईआजीचाच प्रश्न होता तो, तिच्याच शब्दांत म्हणा ना, घरी बरं होता येतं का?

हा प्रश्न तेव्हा का पडला हे समजायला थोडं मागे जावं लागतं. टीबीवर पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेत १९४३ साली सापडलं, सेल्मन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये, आल्बर्ट शाट्झ या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याच्या हातून. ब्रिटनमध्ये ते औषध फारच थोडं पोचत होतं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं, तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं की कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरू दे, डॉक्टरच्या मर्जीवर नको, म्हणजे निदान औषधाचा खरा परिणाम तरी कळेल. ५५ जणांना औषध आणि आराम, ५२ जणांना नुसता आराम. सहा महिन्यांत औषधवाल्यांमध्ये ४ मृत्यू, दुसऱ्या गटात १४. १९४८ साली ते छापून आलं आणि आज कुठल्याही औषधाची चाचणी ज्या पद्धतीने होते तिचा पाया तिथे पडला.

त्या चाचणीची आखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते, आकडेशास्त्राचे माणूस होते. आणि डॉक्टर का नव्हते तर पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःला टीबी झाला, मेडिकलला जायचं स्वप्न तिथेच संपलं, कित्येक महिने अंथरुणात काढले आणि पडल्या पडल्या पत्राने अर्थशास्त्राची डिग्री केली. याच हिल यांनी नंतर रिचर्ड डॉल यांच्याबरोबर १९५० साली सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या एका माणसाचाच विचार करत बसले होते. अंथरुणात पडलेला विशीतला मुलगा, खोकणारा, आणि पुढे त्याच्या हातून फुफ्फुसाच्या दोन एवढ्या मोठ्या रोगांचं काम व्हावं.

पण स्ट्रेप्टोमायसिनचा आनंद टिकला नाही. सुरुवातीला बरे वाटलेले पेशंट पुन्हा घसरायला लागले, कारण एकट्या औषधाला जंतू सरावतो. पाच वर्षांनी बघितलं तर त्या ५५ मधले ३२ गेले होते आणि ५२ मधले ३५, म्हणजे फरक जवळजवळ मिटलाच. मग पास नावाचं दुसरं औषध जोडलं, १९५२ साली आयसोनियाझिड आलं, आणि दोन-तीन औषधं एकत्र दिली तर जंतूला पळवाट राहत नाही हे पक्कं झालं. एडिनबरामध्ये जॉन क्रॉफ्टन यांनी हे इतक्या काटेकोरपणे करून दाखवलं की आधी लोकांचा विश्वास बसेना.

म्हणजे माईआजी सॅनेटोरियममध्ये होती तेव्हा औषधं जगात आली होती. तिला स्ट्रेप्टोमायसिनची थोडी इंजेक्शनं मिळालीसुद्धा, आजोबांनी सायकल विकून आणलेली, पण ती पुरली नाहीत. औषध होतं, पण ते कसं, कुणाला, किती दिवस आणि कुठे ठेवून द्यायचं हे ठरायचं होतं. मला नेहमी वाटतं की आपण शोध म्हटलं की फक्त रेणू, लॅब, बाटली एवढंच डोळ्यांसमोर आणतो. पण औषध सापडणं आणि माणूस बरा होणं यांच्यामध्ये एवढा मोठा पट्टा आहे, तिथे जे लोक राबले त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

तर मद्रास. १९५५ ते ५८ या काळात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर पाहणी केली होती, त्यात दिसलं की टीबीचे रुग्ण लाखांनी आहेत आणि खेड्यांमध्येही तो शहरांइतकाच पसरलाय. खाटा मात्र हजारांत. सगळ्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवायचं म्हटलं तर शंभर वर्षं बांधकामच करत बसावं लागलं असतं. म्हणून १९५६ साली आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला चेटपटमध्ये हे सेंटर काढलं. प्रमुख म्हणून आले वॉलेस फॉक्स, लंडनचे डॉक्टर, वय ३६ च्या आसपास. पाच वर्षं राहिले ते.

त्यांनी मद्रासच्या गरीब, दाटीच्या वस्त्यांमधले दोनशेच्या आसपास रुग्ण घेतले आणि पुन्हा तीच चिठ्ठीची पद्धत, अर्धे घरी, अर्धे सॅनेटोरियममध्ये. औषध दोघांना एकच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. सॅनेटोरियमवाल्यांना खाट, मोकळी हवा, चांगलं जेवण, आराम. घरच्यांना त्यांचं तेच घर, एका खोलीत पाच-सहा माणसं, जेवण जे काय असेल ते, आणि जरा बरं वाटलं की कामावर जाणं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे घरच्या गटाचं काही खरं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी सॅनेटोरियममधले ९२ टक्के रुग्ण जंतूमुक्त म्हणावे अशा अवस्थेत होते. घरचे ८६ टक्के.

मी ते टेबल किती वेळा बघितलं असेल मोजलं नाही. ९२ आणि ८६. शंभर वर्षांची समजूत, ती डोंगरावरची हवा, ते पांढरे वऱ्हांडे, ती दुपारची दोन ते चार सक्तीची शांतता, ते सगळं एका बाजूला आणि झोपडीतल्या माणसाने रोज वेळेवर घेतलेली गोळी दुसऱ्या बाजूला, आणि फरक एवढासा. पुढे पाच वर्षं त्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले.

पण त्याहून मोठी गोष्ट घरातल्या बाकी माणसांची. भीती अशी होती की घरी ठेवलेला रुग्ण सगळ्या घराला टीबी देईल, पोरांना तर आधी. म्हणून फॉक्स यांच्या लोकांनी दोन्ही गटांच्या घरच्यांना तपासलं, पाच वर्षं तपासत राहिले. आणि ज्यांचा माणूस घरी होता त्यांच्यात टीबी काही जास्त झाला नाही. व्हायचा तो संसर्ग निदान होण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, जेव्हा कुणाला माहीतच नसतं की हा खोकला कसला आहे, आणि औषधं सुरू झाली की रुग्णापासूनचा धोका भराभर उतरतो.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. कारण २००७ मध्ये आमच्या घरात माझं ताट वेगळं होतं. आईने त्याच्या कडेला खिळ्याने फुली मारली होती ओळखायला. धाकटा भाऊ सहा महिने आत्याकडे राहिला. माझं ताट, माझा तांब्या, माझी उशी, आणि माझ्या खोलीचं लोटलेलं दार. पन्नास वर्षांपूर्वी, आपल्याच देशात, माणसं घरोघरी फिरून हे तपासून बसली होती आणि आमच्या घरापर्यंत ते पोचलंच नव्हतं. आईला दोष नाही देत मी, तिला जे कुणी सांगितलं ते तिने केलं. माझ्या खोकल्याच्या त्या तीन महिन्यांत मात्र, जेव्हा खरा धोका होता, आम्ही चौघं एका खोलीत टीव्ही बघत होतो.

पेपरमधला अजून एक भाग मी फार मन लावून वाचला, तो म्हणजे रुग्ण खरंच गोळ्या घेतात का हे कसं शोधायचं. फॉक्स यांना हा प्रश्न फार लागून होता. पेशंट हो म्हणतो, डॉक्टर मान डोलावतो, आणि घरी गोळ्या डब्यात पडून असतात. म्हणून मद्रासला लघवी तपासून औषध पोटात गेलंय का बघायचे आणि न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायचे. त्यातून दिसलं की माणूस गरीब असो श्रीमंत असो, बरं वाटायला लागलं की औषध सोडतो, तो मनुष्यस्वभाव आहे, आणि तो गृहीत धरूनच उपचार आखले पाहिजेत. पुढे त्याच सेंटरने आठवड्यातून दोनदा समोर उभं करून औषध द्यायचा प्रयोग केला, १९६४ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि तिथून पुढे ती वाट माझ्या लाल बॉक्सपर्यंत आली. ते सायकलवरचे गृहस्थ, ज्यांना मी पाणी विचारलं नाही, ते त्या गोळ्या मोजणाऱ्यांच्याच परंपरेतले. आमच्या कोपऱ्यावर त्यांनी माझं नाव घ्यायला नको होतं हे मला अजूनही वाटतं, त्या एका वाक्याने मला पुढे वर्षभर त्रास झाला. पण ते आले नसते तर मी सतराव्या डोसलाही गेले नसते, हेही मला माहीत आहे.

सहा महिनेच का, हा प्रश्न प्रत्येक टीबी पेशंटला पडतो आणि नीट उत्तर क्वचित कुणी देतं. हा जंतू फार संथ आहे. आपल्या आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्याला वीस तास लागतात. आणि औषध जंतूला मारतं ते मुख्यतः तो वाढत असताना. मग जे जंतू वाढतच नाहीत, कोपऱ्यात निपचित पडून राहतात, ते औषधाला सापडत नाहीत. फॉक्स यांचे सहकारी डेनिस मिचिसन, जंतुशास्त्रज्ञ, यांनी हे फार सुंदर मांडलंय, की एका फुफ्फुसात जंतूंच्या वेगवेगळ्या वस्त्या असतात. भराभर वाढणाऱ्यांना आयसोनियाझिड मारतं, आणि ते पहिल्या काही दिवसांतच मारतं, म्हणून तर पेशंटला लवकर बरं वाटतं. आंबट वातावरणात दबून बसलेल्यांना पायराझिनामाइड गाठतं. आणि जे मधूनच क्षणभर जागे होऊन पुन्हा झोपतात त्यांना रिफाम्पिसिन. त्यांच्या जागं होण्याची वाट बघत राहायचं, त्यालाच एवढे महिने लागतात.

आधी तर वर्ष-दीड वर्ष औषध घ्यावं लागायचं. ते सहा महिन्यांवर आलं ते फॉक्स, मिचिसन आणि पूर्व आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९७० पासून केलेल्या चाचण्यांमुळे. १९७२ साली पहिले निकाल आले, रिफाम्पिसिन घातलं की सहा महिन्यांत काम होतं आणि रोग क्वचितच उलटतो. एकेका महिन्यासाठी एकेक चाचणी, कुठलं औषध काढलं तर काय होतं, कुठलं दोन महिनेच दिलं तर काय होतं, असं वर्षानुवर्षं. हे काम करणारं त्यांचं लंडनचं युनिट १९८६ मध्ये बंद झालं, टीबीचा प्रश्न सुटल्यात जमा आहे असंच तेव्हा श्रीमंत देशांना वाटत होतं. सात वर्षांनी, १९९३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेला टीबी ही जागतिक आणीबाणी म्हणून जाहीर करावी लागली.

खोकल्याच्या बाटल्यांबद्दल सांगायचं राहिलं. १९५९ मध्ये बंगलोरला नॅशनल टीबी इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथे देबाबर बॅनर्जी नावाचे संशोधक होते. तेव्हा सगळे म्हणायचे की खेड्यातली अडाणी माणसं रोग अंगावर काढतात, दवाखान्यात येतच नाहीत. बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी खेड्यांत जाऊन टीबी असलेल्या माणसांनाच विचारलं. निघालं असं की निम्म्याच्या आसपास माणसं आधीच दवाखान्यात जाऊन आली होती, पायपीट करून, आणि खोकल्याचं औषध घेऊन परत आली होती. १९६३ साली छापलंय हे. माझ्या तीन बाटल्या २००७ च्या. आजही कुणी मला दोन आठवड्यांच्या वर खोकतोय म्हणून सांगितलं तर मी हात धुऊन त्याच्या मागे लागते, थुंकी तपासलीस का, तपासलीस का, घरचे कंटाळतात पण मी सोडत नाही.

आता जेवण. मद्रासच्या अभ्यासात घरच्या रुग्णांचं जेवण फार कमी होतं तरी ते बरे झाले, यावरून त्यांनी म्हटलं की उत्तम आहार नसला तरी औषधं आपलं काम करतात. ते त्यांच्या आकड्यांपुरतं बरोबरच होतं. पण मला वाटतं पुढे कित्येक वर्षं आपण त्याचा सोयीचा अर्थ काढला, की गोळी दिली की झालं, पोटाचं बघायची गरज नाही. गोळीने रोग जातो हे खरं, पण त्या घरात पुढचा रुग्ण तयार होतो तो का?

याचं उत्तर यायला २०२३ उजाडलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांमध्ये अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राशन्स नावाची चाचणी केली. रुग्णांना तर धान्य दिलंच, पण काही रुग्णांच्या घरच्या सगळ्या माणसांनाही दर महिन्याला तांदूळ आणि डाळ दिली. एकूण १०,३४५ माणसं, दोन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुफ्फुसाचा, दुसऱ्याला लागणारा टीबी ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ! आणि रुग्णांमध्येही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं ते दगावण्याचं प्रमाण कमी. सरकार निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या रुग्णाला महिन्याला जे ५०० रुपये देत होतं ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० केलेत, आणि घरच्यांनाही पोषण द्यायचं धोरण आलंय. ते वेळेवर पोचणं याच्यावर सगळं आहे.

मला यात मद्रासच्या लोकांचा पराभव अजिबात दिसत नाही. त्यांनी विचारलं तो प्रश्न वेगळा होता, आणि भार्गवांनी त्याच्या पुढचा विचारला, तितक्याच चिकाटीने, पुन्हा माणसांच्या घरात जाऊनच. माझा तो आठवड्यातून तीन दिवसांचा कोर्सही आता बदललाय, रोज गोळी घेणं जास्त चांगलं हे कळल्यावर देशभर तसं केलं. मी ज्या पद्धतीने बरी झाले ती पद्धत आता चुकीची नाही पण जुनी झालीये, आणि मला त्याचं बरंच वाटतं. २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसं टीबीने गेलीत, रुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्याकडचा. कुणीतरी अजून पुढचा प्रश्न विचारत असेलच.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते तेव्हा भांडी लावताना ते फुलीचं ताट हातात आलं. ती ते वापरत नाही, टाकतही नाही. मग तिथेच ओट्यापाशी उभी राहून मी तिला मद्रासचं सगळं सांगितलं, घरी ठेवलेल्या पेशंटच्या पोरांना टीबी जास्त झाला नाही ते, पाच वर्षं तपासलं ते. तिने पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ताटाबद्दल काहीतरी बोलेल, पण ती दुसरंच बोलली.

"मग अरुणला कशाला लांब ठेवला होता गं?"

"तेव्हा हे कुणाला माहीतच नव्हतं आई. ते छापून आलं १९५९ मध्ये."

"माईमावशी घरी कधी आली?"

"पंचावन्नला."

तिने ताट पालथं घातलं, आणि अंगठा एकेका बोटावर टेकवत मोजलं. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.